बांधावरून : मॅप वाट चुकवतो तेव्हा



जुन्नर तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा पिकअप चालवतो. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात जाणे रोजचेच, तिथे त्याला फोन लागत नाही. पण बाहेरगावचे भाडे आले की तो मॅप लावतो. हा मॅप एखादे दिवशी दारात नेऊन सोडतो, तर एखादे दिवशी उसाच्या फडाशी नेऊन उभा करतो. ते विचारतात, "साहेब, फोन बारा हजारांचा आहे. वीस हजारांचा घेतला तर फरक पडेल का?"

मी शेतकीचा पदवीधर, फोनचा जाणकार नव्हे. पण जुन्नर-आंबेगावच्या शिवारांतून हिंडण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली आणि अलीकडची वर्षे हा मॅप लावूनच गेली. त्यामुळे वाट चुकण्याचा अनुभव माझ्यापाशी भरपूर आहे. पीक पिवळे पडले की आपण लगेच युरिया फेकत नाही. खरे म्हणजे फेकतो, आणि तिथेच चुकतो. आधी एक झाड उपटून मूळ पाहावे, मग पान पाहावे, मग औषधाचे बोलावे. फोनचेही तसेच आहे. नवा घेण्याआधी, चुकते ते नेमके काय हे पाहा.

फोन तीन निरनिराळी कामे करतो आणि आपण तिन्हींना मिळून 'जीपीएस' म्हणतो. आपण कुठे उभे आहोत, हे तो उपग्रहांवरून काढतो. रस्ता कुठून कुठे जातो, हे तो कंपनीने काढलेल्या नकाशावरून सांगतो. आणि तो नकाशा मोबाइलच्या रेंजवरून फोनवर येतो. यांतले पहिले काम सहसा बिघडत नाही. बहुतेक वेळा दोष दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात असतो, आणि बोल मात्र पहिल्याला लागतो.

जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. हल्लीचे फोन रशिया, युरोप आणि चीन यांच्या उपग्रहांचाही उपयोग करून घेतात. फोन त्यांना काही विचारत नाही, नुसता ऐकतो. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतो. निदान चार उपग्रह ऐकू आले की कोणाचा संदेश किती उशिरा पोचला यावरून फोन आपली जागा ठरवतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचीही चूक पाच मीटरच्या आसपास असते. आपल्या खोडदच्या परिसरात आभाळातले क्षीण संदेश ऐकण्यासाठी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारल्या आहेत. उपग्रहाचा संदेशही जमिनीवर येईतो फार क्षीण होतो, आणि तो ऐकायला फोनमध्ये जागा असते नखाएवढी. म्हणून त्याला आभाळ दिसले पाहिजे. यासाठी रेंज लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. माळशेजला रेंज गेली म्हणून जीपीएस गेले असे नसते. ठिपका सरकत असतो, पण त्याच्याखालचा नकाशा कोरा होतो.

हे मी शिकलो ते एका वासराच्या जिवावर.

काही वर्षांपूर्वी पौषातल्या एका संध्याकाळी डिंभ्याच्या उजव्या कालव्याकाठच्या एका वस्तीवर कांद्यावरचा करपा पाहायला गेलो होतो. निघता निघता घरच्या आजींनी हाक मारली. गाय अडली होती, वासरू आडवे होते. नेहमीचे डॉक्टर परगावी गेलेले. दुसऱ्या तालुक्यातले एक डॉक्टर यायला तयार झाले, पण त्यांना वस्ती माहीत नव्हती. मी मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, "थांबा, मी लोकेशन टाकतो." गोठ्यात उभा राहून, पत्र्याच्या छपराखालून टाकले. घरचा थोरला मुलगा म्हणाला, "साहेब, मी फाट्यावर जाऊन थांबू का?" मी म्हणालो, "कशाला? लोकेशन आहे ना."

अर्ध्या तासाने गाडीचे दिवे दिसले, ते कालव्याच्या पलीकडच्या काठावर. कालव्याला आवर्तन सुटलेले, पाणी काठोकाठ. डॉक्टर बॅटरी दाखवत होते, आम्ही इकडून ओरडत होतो, आणि मध्ये उडी मारावी असे पाणी नव्हते. पूल मागे दोन किलोमीटरवर. अंधारात गाडी वळवायलाही जागा नव्हती, त्यांनी ती बरीच मागे नेऊन वळवली. ते गोठ्यात पोचले तेव्हा वासरू गेले होते. गाय वाचली. आजी मला काहीच बोलल्या नाहीत, चहा ठेवला.

यात चुका दोन झाल्या आणि दोन्ही माझ्या. पत्र्यातून उपग्रहाचा संदेश जात नाही. अशा वेळी फोन मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि आपल्याकडे टॉवर लांब लांब असल्याने तो अंदाज शेकडो मीटरनी चुकू शकतो. फोन हे लपवून ठेवत नाही. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसते, ते जितके मोठे तितकी फोनला शंका जास्त. माझ्या फोनवर ते वर्तुळ चांगले दोन एकरांवर पसरले असेल, मी पाहिलेच नाही. अंगणात येऊन, मोकळ्या आभाळाखाली मिनिट-दोन मिनिटे थांबायचे आणि वर्तुळ आक्रसले की मगच लोकेशन टाकायचे, एवढेच करायला हवे होते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. वस्तीपर्यंत नकाशात रस्ता नसेल तर फोन सरळ रेषेत सर्वांत जवळ असलेल्या रस्त्यावर नेऊन सोडतो आणि 'पोचलात' म्हणतो. मध्ये कालवा आहे की ओढा, याचा तो विचार करीलच असे नाही. म्हणून कालव्याकाठी, नदीकाठी राहणाऱ्यांनी घराचे लोकेशन पाठवण्यापेक्षा पुलाचे किंवा फाट्याचे पाठवावे आणि पुढची वाट तोंडी सांगावी. १०८ ची रुग्णवाहिका बोलावताना तर नुसत्या लोकेशनवर राहू नका. गाव, फाटा, जवळची शाळा किंवा देऊळ सांगा आणि घरातला एक माणूस बॅटरी देऊन फाट्यावर पाठवा.

आता वाचकबंधूंच्या पिकअपकडे येऊ. मुलाचा फोन गाडीत कुठे असतो, ते आधी पाहा. सीटवर, खिशात किंवा गिअरपाशी असेल तर वर गाडीचा पत्रा आहे. तो काचेजवळ, आभाळ दिसेल असा ठेवावा. मात्र वैशाखाच्या उन्हात काचेजवळ फोन तापतो, पडदा अंधारतो, कधी बंदही पडतो. तेव्हा वाऱ्याच्या झरोक्यापाशी लावलेले स्टँड बरे. चुंबकाचे स्टँड टाळावे. चुंबकाने उपग्रह बिघडत नाहीत, पण फोनमधले होकायंत्र बिघडते, आणि गाडी उभी असताना बाण कोणीकडे दाखवायचा हे फोन त्या होकायंत्राला विचारतो. म्हणून फाट्यावर थांबून बाण पाहिला की तो हमखास उलटा वाटतो. वीस-पंचवीस पावले गाडी पुढे घ्या. गाडी चालू लागली की दिशा चालीवरून कळते आणि बाण सुधारतो. एरवी फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढला तरी होकायंत्र ताळ्यावर येते. लोक हसतील, हसू द्या.

सेटिंगमध्ये बॅटरी वाचवण्याचे बटण चालू असेल तर ते बंद करावे. त्याने फोन उपग्रहांकडे कमी लक्ष देतो आणि ठिपका उड्या मारतो. लोकेशनमध्ये 'अ‍ॅक्युरसी' चालू हवी, आयफोन असेल तर 'प्रिसाइज लोकेशन'. एवढे झाले की मॅप उघडून, वाहन कोणते निवडले आहे ते बघावे. इथे निम्मे घोटाळे असतात. घरातल्या कोणी तरी मोटारसायकलची खूण दाबून ठेवलेली असते आणि मग फोन भरल्या पिकअपला पाणंदीत घालतो. पायी चालणाऱ्याची खूण राहिली तर त्याहून मजा. नाणेघाट ही सातवाहनांच्या काळची पायवाट, तिच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे सांगतात. जकात भरली तरी पिकअप तिथून खाली उतरणार नाही. 'टोल टाळा', 'महामार्ग टाळा' ही बटणेही एकदा पाहून घ्यावीत. ती चालू असतील तर पुणे-नाशिकचा चांगला रस्ता सोडून फोन आडवाटांनी का फिरवतो, याचे कोडे सुटते.

घाटात मात्र उपग्रहांचाही निरुपाय होतो. कड्याखाली उभे राहून हाक मारली की ती दोनदा ऐकू येते, तसाच उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून उशिरा येतो आणि फोन आपल्याला भलतीकडे आहोत असे समजतो. माळशेजच्या कड्यांत ठिपका रस्ता सोडून दरीत गेलेला दिसला तर घाबरू नका आणि वळूही नका. घाटात रस्ता एकच आहे. बाह्यवळणांपाशीही असाच गोंधळ होतो. मंचरला, नारायणगावला नवा रस्ता आणि जुना रस्ता जिथे फुटतात, तिथे पाच मीटरच्या चुकीनेही फोनला आपण कोणत्या रस्त्याला लागलो हे कळायला वेळ लागतो. अशा ठिकाणी फलक वाचावा.

रेंज नसलेल्या भागात जायचे असेल तर नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. मॅपमध्ये कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवले की 'ऑफलाइन मॅप्स' येते. तिथे दोन्ही तालुक्यांवर चौकट ओढून डाउनलोड करावे. भीमाशंकरला किंवा आदिवासी पट्ट्यात जाणाऱ्यांनी हे अवश्य करावे. फक्त वाहतुकीची गर्दी त्यात दिसत नाही.

गावांच्या नावांचा घोळ तर आपल्या दोन तालुक्यांत विचारूच नका. पिंपळगाव म्हणजे जोगा, आर्वी की खडकी? वडगाव म्हणजे आनंद, कांदळी, साहनी की काशिंबेग? नुसते 'आंबेगाव' टाकले तर फोन पुण्यात कात्रजजवळच्या आंबेगावला नेऊ शकतो. आपल्या तालुक्याला ज्याच्यावरून नाव मिळाले ते आंबेगाव तर डिंभ्याच्या पाण्याखाली गेले, आणि तालुक्याचे ठाणे आहे घोडेगावला. परक्या माणसाला हे कसे कळावे? तेव्हा पूर्ण नाव आणि तालुका लिहावा, आणि 'चला' म्हणण्याआधी सगळी वाट एकदा डोळ्यांखालून घालावी. किती किलोमीटर, मध्ये कोणती गावे. नारायणगावहून ओतूर साठ किलोमीटर दाखवत असेल तर काही तरी चुकले आहे, हे कळायला जीपीएस लागत नाही.

आता नकाशाच्या चुकीविषयी, कारण ती जिवावर बेतते. ओतूरहून ब्राह्मणवाड्यावरून वर गेले की कोतूळ लागते, ते अकोले तालुक्यात. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची मोटार रात्री कोतुळाहून अकोल्याकडे जाताना पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. गावकऱ्यांना हे ठाऊक होते, ते त्या वाटेने जातच नव्हते. फोनच्या नकाशात मात्र रस्ता सरळ होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीकडे रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले, तिथेही मॅपचीच वाट धरल्याचे सांगण्यात आले.

या दोन्ही ठिकाणी ठिपका चुकला असेल असे मला वाटत नाही. गाडी कुठे आहे हे फोनला ठाऊक होते, पुढे रस्ता नाही हे ठाऊक नव्हते. रस्ता वाहता आहे की बंद, हे फोन बऱ्याच अंशी त्या रस्त्याने जाणाऱ्या इतरांच्या फोनवरून ओळखतो. रात्री दोन वाजता आडरस्त्याला दुसरा फोनच नसतो. दरड कोसळली, साकव वाहून गेला, कालव्याचे आवर्तन सुटले, हे त्याला कोणी सांगायचे? म्हणून मुलाला एवढे बजावून ठेवा: रात्री किंवा पावसात फोनने मोठा रस्ता सोडायला सांगितले आणि वाट ओळखीची नसली तर वळू नये, मोठ्या रस्त्यानेच जावे, दहा किलोमीटर जास्त पडले तरी. पाणी दिसले की थांबावे. आणि वाट चुकून उसाच्या कडेला थांबलात तर काचा वर करून गाडीतच बसून फोन करावा. आपल्याकडे फडात कोण असतो, ते मी सांगायला नको.

तेव्हा नवा फोन घेऊ नका. त्यातले दोन-तीनशे रुपये चांगल्या स्टँडवर आणि गाडीत चालणाऱ्या चार्जरवर घाला. आपल्या गावाजवळचा एखादा रस्ता नकाशात चुकीचा असेल तर मॅपमध्ये तसे कळवायची सोय आहे, ते काम कॉलेजातल्या पोरांना लावा. त्या कालव्याकाठच्या वस्तीवर मी गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. थोरल्या मुलाने नकाशातली खूण घरावरून काढून पुलावर नेली आहे. पुलाशी पत्र्याची पाटी लावली आहे, तीवर वस्तीचे नाव, बाण आणि खाली घरचा फोन नंबर. पत्रा त्याच गोठ्याचा. आता गोठ्यावर कौले आहेत.