फिन्स घेताय? आधी समुद्र पाहा

तंजावर म्हटले की सरस्वती महाल आठवतो. पण जिल्ह्याला मल्लिपट्टिनमचा समुद्रही आहे. तिथे श्वास रोखून बुडी मारायची हौस असेल, तर दुकानातल्या लांबलचक, महागड्या फिन्सना भुलू नये. त्या खोल पाण्यासाठी. पाल्कचा उपसागर उथळ. लांब पात्याने गाळ उसळतो, समुद्री गवत उपटते. याच गवतावर समुद्रगाय, म्हणजे डुगाँग जगते. तिच्यासाठी २०२२ मध्ये येथे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र राखले गेले. म्हणून आखूड, लवचीक फिन्स बऱ्या. कडक पात्याने पोटऱ्यांत गोळेही येतात. मोजे घालूनच माप पाहावे. टाच सैल नको, बोटे आवळायला नकोत. भाला मात्र घरीच राहू द्यावा. गढूळ पाण्यात समोर मासा आहे की सोबती, तेच कळत नाही!