मृत्युपत्राचे व्यवस्थापक झालात? आधी विचारा, मग देणे द्या



गेल्या मृगाच्या तोंडाशी परळीला एक गृहस्थ माझ्याकडे आले. मला वाटले, बियाण्याचे काही विचारायचे असेल. पण त्यांनी पिशवीतून मृत्युपत्र काढले. चुलतभाऊ वारला होता आणि त्याने यांना व्यवस्थापक नेमले होते. कोर्टात याला एक्झिक्युटर म्हणतात. मागे भावजय, शाळेत जाणारी दोन लेकरे आणि भावाने स्वकष्टाने घेतलेली पाच एकर जमीन. तेरावा झाला नाही तोच तीन मागण्या आल्या. सोसायटीचे पीककर्ज, खताच्या दुकानाची उधारी आणि एका सावकाराची अडीच लाखांची चिठ्ठी. चिठ्ठीवरची सही काही भावाची वाटेना.

"साहेब, देऊन टाकले तर उद्या लेकरे म्हणतील, काकाने आमचे बुडवले. नाही म्हणावे तर कोर्टकचेरी. तो खर्च कुणाच्या खिशातून?"

मी शेतकीचा पदवीधर, वकील नव्हे. म्हणून त्यांना वकिलाकडे घेऊन गेलो. तिथे जे समजले ते तुमच्याही उपयोगाचे आहे.

हे काम किती जड असते, ते लोकमान्य टिळकांनी भोगले आहे. 7 ऑगस्ट 1897 रोजी त्यांचे स्नेही बाबामहाराज पंडित पुण्यात वारले. मृत्युपत्रात टिळकांना इतर काही जणांबरोबर विश्वस्त नेमले होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते, तरी त्यांनी शब्द पाळला. इस्टेटीवर कर्ज होते, म्हणून त्यांनी खर्चाला आळा घातला. त्यातून विधवा ताईमहाराजांशी बेबनाव झाला. 1901 मध्ये आपल्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, झालेल्या दत्तकावरून वाद पेटला. 1903 मध्ये खालच्या कोर्टाने टिळकांना शिक्षा ठोठावली. 1904 मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी दावा पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1915 मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाची ही कथा! मग आपण तर जपूनच पाऊल टाकले पाहिजे.

आता आपल्या कामाचे. मयताचे देणे मयताच्या मालमत्तेतून फिटते. व्यवस्थापकाने कारभार सरळ केला तर त्याच्या स्वतःच्या जमिनीला धक्का लागत नाही. मात्र त्याने मालमत्ता उधळली किंवा भलत्याला दिली, तर ती खिशातून भरून द्यावी लागते. इस्टेटीसाठी केलेला वाजवी कोर्टखर्च इस्टेटीतूनच निघतो. म्हणून प्रत्येक पावती जपा. बापाने 9 सप्टेंबर 2005 नंतर काढलेले कर्ज केवळ मुलगा म्हणून मुलाच्या अंगावर येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

देण्यालाही क्रम आहे. अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च आधी. मग कोर्टाचा खर्च. त्यानंतर मजुराची किंवा सालगड्याची मरणाआधीच्या तीन महिन्यांतली मजुरी. बाकीचे देणेकरी त्यानंतर, सगळे सारख्या हिशेबाने. सातबाऱ्यावर बोजा असेल तर त्या कर्जाचा हक्क जमिनीवर राहतोच. मृत्युपत्राप्रमाणे वाटणी सर्वांत शेवटी.

सावकाराकडे परवाना होता का, ते तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारा. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे, कर्ज देताना परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. हातउसन्या पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. ती संपण्याआधी तुम्ही कबुलीची सही दिली तर तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात. म्हणून भिडेखातर कुठेही सही करू नका.

आणि तरीही उमगेना, द्यावे की लढावे, तर? तर कोर्टालाच विचारता येते. परळीच्या शेतजमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, सक्तीची नाही. पण ती घेतली असेल तर भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 302 खाली हायकोर्ट व्यवस्थापकाला कारभाराबद्दल सूचना देऊ शकते. आपल्याला त्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. दुसरी वाट म्हणजे दिवाणी कोर्टात इस्टेटीच्या कारभाराचा दावा. त्यात कोर्टाच्या देखरेखीखाली सगळ्यांचे देणेघेणे ठरते. सर्व कागद, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा, कोर्टापुढे ठेवावेत. काही लपवून मिळवलेली सूचना कामाची नाही.

पाच एकरांसाठी हायकोर्ट परवडेल का, हाही हिशेब घालावा. आमच्या गृहस्थांना वकिलांनी सोपे सांगितले. सोसायटीचा उतारा घ्या. दुकानाची बिले ताडून पाहा. सावकाराला लेखी कळवा की मूळ कागद आणि परवाना दाखवा. दावा आलाच तर मुदतीत हजर राहून सही नाकारा. भावजयीला फुकट वकील मिळतो. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

चिठ्ठीवाला अजून मूळ कागद घेऊन आलेला नाही. दुकानाची उधारी मात्र तुरीच्या पैशातून फेडली. देणे खरे होते, ते दिलेच पाहिजे.

मेलेल्या माणसाने विश्वासाने दिलेले हे काम आहे. ते एकट्याच्या डोक्याने आणि घाईने करू नका. दोनशे पानी वही घाला, भावजयीला दर महिन्याला हिशेब वाचून दाखवा आणि शंका आली की विचारा.