भुताची जात कोणती? नाशिकवर हॉरर गेम रचणाऱ्यांना आमचे सवाल

आपल्याकडच्या भुतांचा पत्ता ठरलेला आहे : कोकण. 'रात्रीस खेळ चाले' ही २०१६ ची मालिका कोकणात, २०१८ चा 'तुंबाड' कोकणात, २०२४ चा 'मुंज्या'ही कोकणातच. आता आमच्या वस्त्यांतली कॉम्प्युटर शिकलेली पोरे विचारतात, हॉरर गेम करायचा तर नाशिक का नको?

जरूर करा. धड खेडे नाही, धड महानगर नाही, अशा शहराची निवड अगदी योग्य आहे. खेड्यात जात सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून कुणी विचारत नाही. लोकलच्या गर्दीत विचारायला सवड नसते. नाशिकमध्ये मात्र फ्लॅट नवा, लिफ्ट नवी आणि घर दाखवणाऱ्याचा पहिला प्रश्न जुनाच : "आडनाव काय?" आडनाव सांगितले की मालकाचे "अजून नक्की नाही" होते. बंद दाराची ही भीती आम्हाला कोणत्याही भुताने शिकवलेली नाही.

'रेसिडेंट ईव्हिल'मधले रकून सिटी असेच मध्यम शहर आहे. तिथला खरा राक्षस मेलेली माणसे नाहीत, तर शहराची अन्नदाती म्हणून मिरवणारी कंपनी आहे. जपानी कंपनीने केलेल्या गेमला एवढे कळले, की भयाच्या मुळाशी सत्ता असते. आपल्याला कळणार आहे का?

आम्हाला शंका आहे. कारण कच्चा आराखडा आम्हाला आत्ताच दिसतो : पंचवटीतला पडका वाडा, अमावास्या, पेठ-सुरगाण्याकडून आणलेला आदिवासी भगत आणि रात्रीची 'पांडवलेणी'.

पहिला सवाल : भूत कोणाचे? आपल्या लोकसमजुतीत भुतांनाही चातुर्वर्ण्य सुटलेले नाही. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर मानाने बसतो. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होतो. आणि बाळंतपणात मेलेली बाई? ती हडळ! जिच्यापर्यंत वेळेवर सुईण पोचली नाही की दवाखाना, तिलाच आपण उलट्या पावलांची करून टाकले. तिच्यावर गोळ्या झाडून गुण मिळवायचे, हा खेळ कोणाच्या बाजूचा आहे?

दुसरा सवाल भगताचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे हा आज गुन्हा आहे. तोच गुन्हा खेळाडूच्या हातात शस्त्र म्हणून देणार का? आणि आदिवासी माणूस तुमच्या गेममध्ये मंत्र पुटपुटण्यापलीकडे काही करणार की नाही?

तिसरा सवाल लेण्यांचा. ती पांडवांची नाहीत, त्रिरश्मी बुद्धलेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दानांचे हिशेब आहेत. उषवदाताने भिक्खूंच्या चीवरासाठी आणि इतर गरजांसाठी विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची ठेव ठेवली, तिच्या व्याजाचा दरसुद्धा कोरलेला आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावच्या रहिवाशांचे दान नोंदलेले आहे. एवढा लख्ख व्यवहार जिथे दगडावर लिहिला, तिथे पिशाच्च बसवणे म्हणजे इतिहास पुसण्याचाच प्रकार आहे. नाव आधीच पळवले, आता लेणीही भुतांना द्यायची?

"अहो, खेळ आहे, एवढे काय मनावर घेता?" हे ऐकवले जाणारच. 'रेसिडेंट ईव्हिल २'मध्ये खेळाडूला गटारात उतरावे लागते, म्हणून अंगावर काटा येतो. आपल्या देशात माणसे पोटासाठी गटारात उतरतात आणि विषारी वायूने मरतात. ती बहुतांश कोणत्या जातीची असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदाही २०१३ चाच. गेममधल्या गटारातून माणूस वर येतो, नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून खेळतो. आमच्या माणसाला दुसरा डाव मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे विरोधाचे नाही, मागणीचे आहे. कादंबरी वाचणारा दाराबाहेरचा माणूस लांबून पाहतो, गेम खेळणाऱ्याला स्वतः त्या दारापुढे उभे राहावे लागते. ही या माध्यमाची ताकद आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारे बंद केली गेली. रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे लावून धरला. दार उघडेना, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली. किल्ली शोधत बसण्यापेक्षा त्या घराकडेच पाठ फिरवणे, असा शेवट तुमच्या कोणत्या गेममध्ये आहे?

वस्तीतल्या पोरांनो, हा गेम तुम्हीच करा. भीती तुमच्या ओळखीची आहे, बाहेर पडण्याचा रस्ताही तुमच्या ओळखीचा आहे. भूत मात्र कोणाला करायचे, हे नीट ठरवा.

जय भीम!