आधी जागा हिंडून घ्या

यंदाच्या अंकात एक विभाग संग्रहालयांचा करायचं ठरलं, तेव्हा संपादक मंडळातच कुरकूर झाली: चकली खाता खाता हे वाचणार कोण? लेख हाती आले आणि कुरकूर थांबली. मात्र सगळ्यांनी लिहिलं ते आतल्या वस्तूंवर. इमारतीखालच्या आणि भोवतीच्या जमिनीचा विषय राहूनच गेला, तो इथे घेतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला समुद्राकाठी हुम्लेबेक नावाचं गाव आहे. क्नुड येन्सन या गृहस्थांनी 1958 साली तिथे ‘लुईझियाना’ हे आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं. (नाव तिथल्या जुन्या बंगल्याचं. तो बांधणाऱ्याची लग्नं तीन झाली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ!) येन्सन यांचा घरचा धंदा चीजचा, पण वास्तुकारांना त्यांनी घातलेल्या अटी ऐकाव्यात. जुना बंगला पाडायचा नाही, पाहुण्यानं त्यातूनच आत यायचं. काही अंतर चालल्यावर एक दालन तळ्याकडे उघडलं पाहिजे. त्याहून पुढे, कड्यावर, सामुद्रधुनी आणि पलीकडचा स्वीडन दिसला पाहिजे. चित्रं कुठे टांगायची हे ठरण्याआधी चालणाऱ्याला काय दिसेल ते ठरलं! यॉर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या वास्तुकारांनीही रेघ ओढण्याआधी बंगल्याभोवतीची बाग पायाखाली घातली. मग पांढऱ्या विटांच्या बैठ्या भिंती आणि काचेच्या वाटा जुन्या झाडांना वळसा घालत निघाल्या. तळ्याकडच्या दालनात आज जाकोमेत्तीचे किडकिडीत पुतळे उभे आहेत. मागे काच आणि काचेपलीकडे पाणी.

संग्रह वाढला की जागा लागतेच. इथे 1966, 1971, 1976, 1982 आणि 1991 साली नवी दालनं जोडली गेली, मुख्यतः याच जोडीच्या हातून. शेवटच्या खेपेला बागेचं समुद्राकडचं तोंड बुजू नये म्हणून दालनं जमिनीखाली नेली. आमच्या मते यात प्रतिभेइतकंच श्रेय सावकाशीचं आहे. सगळा पैसा एकदम हाती आला असता, तर एखादी भलीथोरली वास्तू उठली असती आणि बाग तिच्या फोटोपुरती उरली असती.

आपल्याकडे बाग राखून संग्रहालय वाढवण्याचा हा प्रश्न भायखळ्याच्या राणीच्या बागेत आला. तिथल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत 1872 पासून लोकांसाठी खुली झाली. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटलेला आणि पुढे सांधलेला. संग्रहालयाच्या विस्तारासाठी जागतिक स्पर्धा झाली आणि 2014 साली अमेरिकी वास्तुकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला: पांढरं काँक्रीट, छतातून झिरपणारा उजेड, एक तळं आणि त्याच्या पाण्याखाली सौरपट्ट्या. आराखडा देखणा, यात वाद नाही. तळ्याची कल्पना तर आम्हाला फारच आवडली. पण येन्सन यांची बाग त्यांच्या मालकीची होती, अटी घालायला ते एकटे पुरेसे होते. राणीची बाग पडली सगळ्या मुंबईची. इथे अटी कुणी घालायच्या?

आमची पहिली अट सांगून ठेवतो. बागेत पेंग्विन बघायला आलेली कितीतरी कुटुंबं संग्रहालयात न डोकावताच घरी जातात. त्यांची पावलं आपसूक आत वळतील अशी वाट हवी. दुसरी अट झाडांची, आणि ती बागेच्या माळ्यांना विचारून लिहावी.