थाळीच्या कडेचे पान

आज आषाढी एकादशी. वर्धा नदीच्या तीरावरून निघालेली कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी पंढरीत विसावली आहे, आणि ज्यांना वारी घडली नाही असे आमच्यासारखे अनेकजण वऱ्हाडातील आपापल्या देवळांत टाळ घेऊन उभे आहेत. आजच्या दिवशी कीर्तनकाराने संकटकाळच्या श्रद्धेविषयी चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. आम्ही तो वर्षानुवर्षे पाळत आलो. परंतु त्यांतील एक कीर्तन आम्हांस अद्यापि खुपते. आज त्याचाच विषय काढणे प्राप्त आहे.

ते कीर्तन धारणीचे. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह आणि हरिसाल मागे टाकले की सागवानी रानातून रस्ता धारणीकडे जातो. 1993 च्या पावसाळ्यात याच मेळघाटातील कोरकू वस्त्यांमधून बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि सारा महाराष्ट्र हादरला. पुढल्या वर्षी आषाढात आम्हांस तेथे कीर्तनाचे निमंत्रण आले. वय तिशीतले, पाठांतर ताजे. पूर्वरंगाला आम्ही गीतेतील ‘योगक्षेम’ हा शब्द घेतला. न मिळालेले मिळणे तो योग, मिळालेले राखणे तो क्षेम. आणि भक्तांचे हे दोन्ही भार भगवंत स्वतः वाहतो, असे रंगवून सांगितले.

आरतीनंतर एक कोरकू माउली पुढे आली. तिचे बोलणे एका गुरुजींनी आम्हांस उलगडून सांगितले. मागल्या श्रावणात तिचे तान्हे मूल गेले होते. नदीला पूर, वाट बंद. रात्रभर ती त्याच्या छातीची धाप ऐकत बसली होती. तुमचा देव त्या रात्री कुठे होता, एवढेच तिला विचारायचे होते. आम्ही ‘प्रारब्ध’ म्हणालो आणि तिच्या हातावर प्रसाद ठेवला. तिने तो घेतला, हात जोडले आणि ती पावसात निघून गेली. तिने वाद घातला असता तर बरे झाले असते.

पुढे आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले. त्याच श्लोकावरील भाष्यात शंकराचार्यांनी एक शंका उपस्थित केली आहे: इतर भक्तांचाही योगक्षेम भगवंतच वाहतो ना? होय, असे आचार्य म्हणतात; परंतु इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही धडपडतात, अनन्यदर्शी मात्र स्वतःसाठी धडपडत नाहीत. ‘स्वतःसाठी’ हा शब्द आम्ही त्या रात्री गाळला होता. स्वतःची चिंता सोडणाऱ्याविषयीचे ते वचन आहे. दुसऱ्याच्या लेकराची चिंता सोडून मोकळे होण्याची मुभा त्यात कोणास दिलेली नाही, असे आम्हांस वाटते. ‘विश्वास’ या शब्दाचेही तसेच. श्वस् धातूला ‘वि’ उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. निर्धास्तपणे श्वास घेणे, हा त्याचा मूळचा भाव. ज्या मातेच्या कुशीत लेकराचा श्वास अडकतो आहे, तिला विश्वासाचा उपदेश करावयास आम्ही निघालो होतो!

त्या दिवशी उत्तररंगाला आख्यान द्रौपदीच्या थाळीचे होते. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने हा दुर्वासप्रसंग वनपर्वाच्या मूळ संहितेत घेतलेला नाही, हे आम्ही जाणतो. तरी कीर्तनकारांनी तो सोडलेला नाही, आणि ते योग्यच झाले. दुर्वास शिष्यांसह भोजनास येऊन ठेपले आहेत, थाळी घासून पालथी पडली आहे, द्रौपदी धावा करते. कृष्ण येतो तो काय घेऊन येतो? काहीच नाही. उलट, मला भूक लागली आहे, असे म्हणतो! थाळीच्या कडेला चिकटलेले भाजीचे पान तो मागून खातो आणि तृप्त होतो. संकटात देव देणारा होऊन येईल म्हणून आपण दाराकडे डोळे लावून बसतो. तो येतो भुकेल्याच्या रूपाने, आणि आपण त्याला पुढच्या घरी जा म्हणतो. हे आख्यान आम्ही शेकडो वेळा सांगितले असेल. धारणीत सांगितले तेव्हा भुकेला समोरच बसला होता. आजच्या आपल्या उपवासाला साबुदाणा आहे आणि उद्या पारणे आहे. तिच्या घरच्या उपासाला पारणे नव्हते.

याच धारणी तालुक्यात बैरागड आहे. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने तेथे नाममात्र पैशांत रुग्णसेवा केली. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे स्वतःचे नवजात बाळ गंभीर आजारी पडले, तेव्हा त्याला शहरात न्यावे असे लोक विनवीत असताना, इथल्या इतर बाळांवर जेथे उपचार होतात तेथेच याच्यावरही करायचे, असे त्या मातेने ठरविले. बाळ वाचले. ती आपल्या निर्णयाला ईश्वरनिष्ठा म्हणेल की नाही, ठाऊक नाही. आम्ही विचारणारही नाही. असे धाडस इतर कोणी करावे, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु स्वतःसाठी वेगळी वाट न मागणे म्हणजे काय, हे आम्हांस भाष्यापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसले.

आम्ही अजूनही आषाढात धारणीला जातो. ती माउली पुन्हा भेटली नाही. गेल्या वर्षी आख्यान भरात असताना पुढल्या रांगेतील एक आशाताई उठून मागे गेली. पूर्वी कोणी असे उठले की आमच्या कपाळाला आठी पडत असे. मागे कोणीतरी महिन्याभराचे बाळ आणले होते. दोन महिन्यांआतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक भरले तर ते धोक्याचे लक्षण मानतात, आणि ते मोजायला शांतता लागते. तिने हात वर केला. आम्ही पेटीवाल्याकडे पाहिले, त्याने भाता सोडला, तबला थांबला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाळाच्या छातीवर नजर ठेवून ती ओठांतल्या ओठांत मोजत होती, आणि तिचे मिनिट पुरे होईपर्यंत आम्ही चिपळ्या धरलेला हात खाली घेतला नाही.