तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे!

"आता बॅकअपची गरजच नाही" म्हणत हायपरकन्व्हर्ज्ड खपवणाऱ्यांना एकदा कापसाच्या सीझनला बोदवडच्या जिनिंगमध्ये बसवायला हवं. तीन सर्व्हर, त्यांच्याच डिस्क, आणि डेटाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर. कल्पना झकास, वादच नाही. एक सर्व्हर मेला तरी वजनाच्या पावत्या निघत राहतात.

पण कुणी हिशोबाचं फोल्डर उडवलं, की ते तिन्हीकडून उडतं! रॅन्समवेअरचंही तेच. आणि तिघेही एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर... लाईट गेली, बॅटरी संपली, की गेले ना राव तिघेही.

जागेचा हिशोबही कुणी धड सांगत नाही. 30 टीबी घ्या, वापरायला 10. तेही काठोकाठ नाही. सेफ (हो, ते फुकटातलं) मूळ सेटिंगमध्ये 85 टक्क्यांना कुरकुरतं, आणि एक डिस्क जरी 95 वर गेली की लिहिणंच थांबवतं. फुकट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी डिसेंबर 2023 आठवावा: व्हीएमवेअर विकत घेऊन महिना होत नाही तोच ब्रॉडकॉमनं कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं.

असो. एक साधी यूएसबी डिस्क घ्या, रोज रात्री कॉपी करा आणि काढून घरी न्या. महिन्यातून एकदा तिच्यावरून डेटा परत आणूनही बघा.