पित्ताशयाचं ऑपरेशन आणि ‘शिकाऊ डॉक्टर’

पित्ताशय दुर्बिणीनं काढायचं ठरलं की सही करताना नातेवाईक हमखास विचारतात, “साहेब, ऑपरेशन तुम्हीच करणार ना? शिकाऊ डॉक्टर नको.” तुमची भीती मला समजते. पण प्रश्न थोडा चुकतोय.

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, तिथले निवासी डॉक्टर एमबीबीएस होऊन पुढे तीन वर्षं सर्जरी शिकत असतात. उद्या देगलूर, उदगीर, किनवटला तुमचं ऑपरेशन करणारे तेच आहेत. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतातलं हे पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हा इथे शिकवायला कोणी नव्हतं. आज आहे.

आणि हे पुस्तक वाचून येत नाही. पडद्यावर खोली कळत नाही. हात डावीकडे नेला की पोटातलं हत्याराचं टोक उजवीकडे जातं. म्हणून आधी खोक्यात कॅमेरा लावून मणी उचलायचे, गाठी मारायच्या. मग खऱ्या ऑपरेशनात नुसता कॅमेरा धरायचा. मग सीनियर शेजारी असताना यकृतापासून पिशवी सोडवायची. नळीजवळचं काम सर्वांत शेवटी. खोक्यावर सराव न झालेल्या हातात कात्री देऊच नये, या मताचा मी आहे.

खरा धोका कोणता? पिशवीची छोटी नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाणं. हजारात साधारण ३ ते ५ जणांची ती दुखावते. मग कावीळ, पोटात पित्त साचणं, पुन्हा मोठं ऑपरेशन. ही चूक अनुभवी सर्जनकडूनही होते, कारण ती बहुतेक वेळा हाताची नसते, नजरेची असते. म्हणून अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये नियम मांडला: तिथली चरबी साफ करा, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि एक नळी व एक रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी पिशवीत जाताना दिसल्याशिवाय काहीही कापू नका.

नाहीच दिसल्या तर? थांबायचं. पिशवीचा थोडा भाग आत ठेवायचा किंवा पोट उघडायचं. इथे तुमचा संबंध येतो. “दुर्बिणीचं सांगून पोट का फाडलं?” म्हणून वॉर्डात आरडाओरडा झाला, की बाजूला उभा असलेला रेसिडेंट काय शिकेल? थांबायचं नाही, हेच ना!

तेव्हा सहीआधी दोन गोष्टी विचारा. ऑपरेशनभर सीनियर टेबलापाशी असतील का? आणि नीट दिसलं नाही तर काय कराल? दुसऱ्यावर “तशी वेळ येतच नाही” असं उत्तर मिळालं, तर पेन खिशात ठेवा आणि आणखी विचारा.